रेनकोटातला मे महिना : एका बॉक्सरचं प्रकरण

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या गावाबाहेरच्या शेडमध्ये ट्रकांचे गिअरबॉक्स उतरवले जायचे. खाणी बंद पडल्या, गॅरेज रिकामं झालं आणि मालकाने ते बॉक्सिंग शिकवणाऱ्या सरांना नावापुरत्या भाड्याने दिलं. वर पत्रा, तीन बाजूंना चिऱ्याच्या भिंती, चौथ्या बाजूला शटर. आत दोन जड बॅगा, एक जुनी रिंग, एक आरसा आणि एक वजनकाटा. कोपऱ्यात ट्रकांच्या ताडपत्र्या गुंडाळून तशाच पडून होत्या. त्या पुढे उपयोगी पडल्या.

माझा दवाखाना तिथून चालत तीन मिनिटांवर. फुटलेल्या भुवया, सुजलेली नाकं, मुरगळलेले अंगठे माझ्याकडेच येतात. इथे जे लिहिते आहे ते त्या मुलाच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या संमतीने. घरी त्याला बाबू म्हणतात, मीही तेच म्हणेन.

बाबू तेव्हा सतरा वर्षांचा. बारावीची परीक्षा दिलेली, डावखुरा, पायांनी हलका. राज्याच्या निवड चाचणीला बारा दिवस उरले होते आणि काट्यावर त्याचं वजन होतं ६०.१ किलो. तेव्हाचे वजनगट ५४, ५७, ६० असे होते. म्हणजे १०० ग्रॅम कमी झाले असते तर तो ६० मध्ये बसत होता. पण ६० किलोत दुसऱ्या क्लबातला एक मुलगा होता, त्याने बाबूला दोनदा हरवलेलं. कुणीतरी म्हणालं, ५७ मध्ये रान मोकळं आहे. बारा दिवसांत तीन किलो. सरांनी 'बघू' म्हटलं. बाबूने ते 'हो' असं ऐकलं.

वही

या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे बाबूची वही. आईच्या अंगणवाडीतली जुनी हजेरीवही, मागच्या पानांवर तक्ता. रोज तीन आकडे: सकाळी उठल्यावर, सरावाआधी आणि सरावानंतर. सरावानंतरच्या आकड्याभोवती लाल गोल.

पहिल्या दिवशी सरावाआधी ६०.६, नंतर ५८.९. सव्वा तासात १.७ किलो! लाल गोलाशेजारी दोन उद्गारचिन्हं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ५९.९. त्या आकड्याशेजारी काहीच नाही. मी वही नंतर वाचली, इस्पितळाच्या बाकावर बसून, आणि फक्त सकाळचे आकडे एकाखाली एक उतरवले: ६०.१, ५९.९, ५९.८, ५९.५, ५९.६, ५९.३, ५९.१. सहा दिवसांत एक किलो, त्यातही बराचसा मीठ आणि भात कमी केल्यामुळे गेलेलं पाणी. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. बाबूने रोज ५०० ची तूट धरली होती असं समजलं, तरी या सहा दिवसांतली चरबी अर्ध्या किलोच्याही खालीच. मग शेवटचे दोन आकडे एकदम खाली: ५८.६, ५८.२. तिथून त्याने दुपारनंतर पाणी पिणं बंद केलं होतं.

वही खोटं बोलत नव्हती. बाबू फक्त लाल गोल वाचत होता. रोज संध्याकाळी काटा त्याला बक्षीस द्यायचा आणि रोज रात्री ते परत घ्यायचा. घेतलेलं त्याला दिसत नव्हतं, कारण सकाळचा आकडा अर्धवट झोपेत लिहिलेला.

लाल गोल मोठे व्हावेत म्हणून कपडे वाढत गेले. आधी जाड हुडी. मग हुडीवर स्कूटरवर घालायचा रेनकोट. मग रेनकोटाची पँट. शेवटी मनगटांना आणि घोट्यांना रबरबँड, 'हवा आत येऊ नये म्हणून'. बाजारात यासाठी खास सूट मिळतो, चकचकीत, दीड-दोन हजारांचा. आमच्याकडे पावसाळी रेनकोट प्रत्येकाच्या घरी असतोच, तोही मे महिन्यात रिकामाच लटकलेला. एकदा सरावावरून परतताना तो मला रस्त्यात भेटला, त्याच अवतारात. मी हसून म्हटलं, "पाऊस लवकर आला वाटतं रे!" तोही हसला. त्या हसण्याचा मला अजून त्रास होतो.

शुक्रवार

संध्याकाळी पाच. फोनवर ३३ अंश, आर्द्रता ६८ टक्के. पत्र्याखाली त्याहून जास्त. दिवसभर तापलेला पत्रा सूर्य उतरल्यावरही भट्टीच्या दारासारखा खाली उष्णता फेकत राहतो. बाबू दुपारी बारापासून पाणी प्यायला नव्हता. दोन दिवस सर्दी होती म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून घेत होता. अशा गोळ्यांत बहुधा क्लोरफेनिरामिन असतं, त्याने घामाच्या ग्रंथी थोड्या मंदावतात. फेनिलेफ्रिन असतं, त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. दोन्ही गोष्टी अंगातली उष्णता बाहेर पडण्याच्या वाटेवर आडव्या येणाऱ्या. हे सांगायला मेडिकलवाल्याला सुचलं नाही, आणि विचारायला बाबूला.

दोऱ्या चार फेऱ्या, शॅडो (म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे) चार, बॅग सहा. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. सहा वाजता पॅड, म्हणजे सरांच्या हातातल्या गाद्यांवर ठोसे, सुरू झाले. तिसऱ्या फेरीत सरांनी 'एक-दोन', म्हणजे दोन सरळ ठोसे, म्हटलं तेव्हा त्याने बाजूने वळवून मारायचा हुक मारला. पुन्हा सांगितलं, पुन्हा हुक, तोही पॅडच्या बाजूने हवेत. सरांना वाटलं दमला, म्हणून ते ओरडले. मग बाबू म्हणाला, "सर, थंडी वाजतेय." अंगावर काटा होता. एका मित्राने हुडीची टोपी मागे ओढायला हात लावला, तर बाबूने त्याला आईवरून शिवी दिली. जो मुलगा पंचांनाही 'सॉरी' म्हणतो, त्याने. आणि रिंगच्या कडेला बसला तो बसल्या जागी कलंडला.

पुढची पाच-सहा मिनिटं जे झालं ते कुठल्याही गावात होईल तेच. कुणी कांदा फोडून नाकाला लावला. कुणी तोंडात पाणी ओतायला गेलं. नशिबाने सरांनी ते थांबवलं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी फुफ्फुसात जातं. करोनाच्या काळातली कपाळावर धरायची तापमापकाची बंदूक शेडमध्ये होती, ती दाखवत होती ९९.४ फॅरनहाइट. "ताप नाही, साखर उतरली असेल," असं सरांनी मला फोनवर सांगितलं.

मी सहा वीसला पोचले. रेनकोटाची चेन उघडली तर पेजेच्या मडक्याचं झाकण उचलावं तशी वाफ तोंडावर आली. बाही उलटी केली, पाणी धारेने पडलं. डोळे उघडे, पण नाव विचारलं तर उत्तर नाही. नाडी १६८, रक्तदाब ९२/५०, साखर ९४. साखरेचा प्रश्न मिटला. मग गुदद्वारातून तापमान घेतलं. ऐकायला अवघड वाटतं, पण पर्याय नव्हता: कपाळ आणि काख घामाने ओली आणि गार असतात, तिथला आकडा आतल्या अवयवांबद्दल काही सांगत नाही. आकडा आला ४१.३ अंश सेल्सियस, म्हणजे १०६.३ फॅरनहाइट.

शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर आणि त्यासोबत मेंदूचं काम बिघडलेलं, म्हणजे व्यायामजन्य उष्माघात. पुस्तकात उष्माघाताचा रुग्ण कोरड्या, तापलेल्या कातडीचा दाखवतात. ते चित्र घरात अडकलेल्या वृद्धांचं. कसरत करताना कोसळणारा जवान मुलगा घामाने निथळत असू शकतो, आणि म्हणूनच आजूबाजूचे फसतात.

सर क्रोसिन काढत होते. त्यांना थांबवलं. तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो, आणि पॅरासिटामॉल मेंदूची ती समजूत खाली आणतं. इथे मेंदूने काहीच ठरवलेलं नव्हतं, उष्णता नुसती कोंडली होती. उकळत्या भांड्याला गोळी देऊन काय उपयोग!

१०८ ला फोन झाला होता, यायला पंचवीस मिनिटं लागणार होती. उष्माघातात नियम उलटा आहे: आधी गार करा, मग हलवा. मेंदू, यकृत, मूत्रपिंडं किती भाजली जातील हे तापमान किती वेळ वर राहिलं यावर ठरतं, आणि पहिला अर्धा तास निर्णायक असतो. अमेरिकेतल्या फाल्मथच्या रस्ताशर्यतीत अनेक वर्षांत उष्माघाताचे २७४ धावपटू शेवटच्या रेषेजवळच बर्फाच्या पाण्यात बुडवले गेले आणि सगळे जगले. आमच्याकडे टब कुठला? पण ताडपत्री होती.

ट्रकाची ताडपत्री जमिनीवर पसरली, बाबूला मधोमध ठेवला, सहा मुलांनी कडा उचलून धरल्या. खोलगट झाली. शेडमागच्या निळ्या पिंपातलं पाणी बादल्यांनी ओतलं. एक मुलगा नाक्यावरच्या मासळीवाल्या बाईकडे धावला आणि तिचा थर्माकोलचा अख्खा खोका उचलून घेऊन आला, बर्फात चार बांगडे होते ते तसेच. मग कडा आळीपाळीने वरखाली करत पाणी त्याच्या अंगावरून हलतं ठेवलं, कारण थांबलेल्या पाण्याचा अंगालगतचा थर लगेच कोमट होतो. डोकं मी माझ्या गुडघ्यावर धरलेलं. रेनकोटाची वरची बाजू बँडेजच्या कात्रीने कापून काढली होती, पँट ओढून काढली. सोळा मिनिटांनी ३९.० झालं तेव्हा बाहेर घेतला, कारण त्याखाली बर्फात ठेवलं तर तापमान पुढे आपणहून घसरत जातं. तेवढ्यात त्याने पहिलं वाक्य उच्चारलं:

"रेनकोट फाडला कोणी?"

आकडेमोड

इस्पितळात त्याची आई माझ्याशी बोलत नव्हती, सरांशी तर नाहीच. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी आली. स्नायूंचे धागे तुटून त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरलं की असं होतं, आणि ते मूत्रपिंडाच्या चाळणीत अडकतं. रक्तातलं सीके हे स्नायूंचं विकर १८,००० च्या वर गेलं होतं. एरवी ते दोनशेच्या आसपास असतं. मूत्रपिंडांवरचा ताण दाखवणारं क्रिॲटिनिन १.९. सलाइनवर सलाइन. डायलिसिसची वेळ आली नाही. पाचव्या दिवशी घरी.

त्या चार रात्रींत मी बाकावर बसून हिशेब मांडला. तो इथे देते, कारण 'घातक असतं' एवढं सांगून कुणी रेनकोट काढत नाही.

जोरदार बॉक्सिंग करताना बाबूएवढा मुलगा मिनिटाला साधारण १० किलोकॅलरी जाळतो. त्यातल्या जेमतेम दोन ठोशांत आणि उड्यांत जातात, बाकीच्या आठांची नुसती उष्णता. मानवी शरीराचा एक किलो भाग एक अंशाने तापायला सुमारे ०.८३ किलोकॅलरी लागतात. ५९ किलोच्या देहाला एक अंश चढायला ४९. उष्णतेला बाहेर पडायची वाटच नसेल तर सहा मिनिटांत एक अंश. प्रत्यक्षात फेऱ्यांमध्ये विश्रांती होती, गळ्यातून आणि तोंडावरून थोडी उष्णता निसटत होती, म्हणून चार अंश चढायला सव्वा तास लागला.

बाहेरची हवा ३३, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि कातडी ३५-३६. एवढ्या कमी फरकात अंगाची उष्णता नुसती हवेत जात नाही. एकच दार उरतं: घाम. एक लिटर घाम सुकताना, म्हणजे त्याची वाफ होताना, शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. बाबूला त्या सव्वा तासात जवळजवळ ६०० बाहेर टाकायच्या होत्या. एक लिटरभर घाम पुरला असता. त्याला घाम आला पावणेदोन लिटरच्या आसपास, गरजेपेक्षा कितीतरी जास्त, आणि तरीही तो आत शिजला. कारण घाम नुसता येऊन गारवा मिळत नाही, तो सुकावा लागतो. रेनकोटाच्या आतली हवा दहा मिनिटांत वाफेने भरते, मग एक थेंबही सुकत नाही. तो ओघळतो आणि बुटात जाऊन बसतो. बुटातल्या घामाने काट्यावरचा आकडा उतरतो. अंग उतरत नाही.

आणि हे शरीराला कळतं तेव्हा ते आणखी घाम सोडतं. म्हणजे लाल गोल जितका मोठा, तितकं शरीर जास्त घाबरलेलं. बाबू ते यश म्हणून वहीत लिहीत होता.

यातलं आमच्या भागाचं वैशिष्ट्य वेगळं सांगायला हवं. नागपूरच्या मे महिन्यात ४४ अंश असतात, पण हवा कोरडी. घाम दिसायच्या आत सुकतो. गोव्यात पारा ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही, म्हणून आपण स्वतःला सुरक्षित समजतो. पण हवा आधीच पाण्याने भरलेली. दोरीवरचे कपडे दोन दिवस दमट राहतात त्या हवेत अंगावरचा घाम कुठे जाणार? आपण उघड्या अंगाने उभे असलो तरी अर्धा रेनकोट हवेनेच घातलेला असतो.

हे आलं कुठून

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनीच अख्खी रात्र इस्पितळाच्या पायरीवर बसून काढली. त्यांनी पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम केला होता, तिथे डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं आणि पाच-सहा अंश. तिथे सगळे जाड ट्रॅकसूट, टोप्या घालून धावायचे आणि ते योग्यच होतं: गारठलेला स्नायू आखडतो, थंडीत अंग गरम व्हायला वेळ लागतो. युरोप-अमेरिकेतल्या बॉक्सरांचा पहाटेचा धावण्याचा पोशाखही त्यांच्या हिवाळ्यातला. सरांनी सवय आणली, हिवाळा तिथेच राहिला.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती मला सरांमुळेच कळली. ते म्हणाले, "डॉक्टर, लहानपणापासून ऐकलं, घाम गाळल्याशिवाय काही मिळत नाही." खरंच की. आपण कष्ट घामानेच मोजतो: घामाचा पैसा, निढळाचा घाम, घामाला दाम. जो जास्त निथळतो तो जास्त राबला, हे मराठीत जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. बॉक्सिंगच्या शेडमध्ये मात्र तीच म्हण मुलाला आडवं करते. कष्ट घामात नसतात. एसीमध्ये तेवढेच ठोसे मारले तर तेवढ्याच कॅलरी जळतात.

मुलं मोठ्यांची उदाहरणं देतात, आणि ती खोटी नाहीत. २०१८ मध्ये पोलंडमधल्या स्पर्धेआधी मेरी कोमने चार तासांत दोन किलो उतरवल्याचं तिने स्वतःच सांगितलं होतं, दोऱ्या मारून. विनेश फोगाट २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अख्खी रात्र जागून, घाम गाळूनही १०० ग्रॅमने बाद झाली. पण त्यांच्याभोवती डॉक्टर, आहारतज्ज्ञ, दोन दशकांचा अनुभव होता. तरी एकीचं काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. आमच्या शेडमध्ये कपाळावर धरायची बंदूक होती.

या खेळांच्या इतिहासात मेलेलेही आहेत. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर साधारण महिन्याभरात दगावले. तिघेही वजन उतरवत होते, तिघांच्याही अंगावर वाफ कोंडणारे सूट, त्यावर सुती कपडे, आणि गरम खोलीत व्यायाम. जवळजवळ बाबूचाच पोशाख, फक्त थर उलटे. पुढच्याच महिन्यात तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने असे सूट बंद केले. २०१५ च्या डिसेंबरात चिनी फायटर यांग जियान बिंग वजन उतरवताना गेला, आणि त्याच्या स्पर्धेच्या आयोजकांनी पाणी तोडून वजन उतरवणंच बंद केलं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये डब्ल्यूबीसी ही जागतिक संघटना लढतीआधी ३० दिवस आणि ७ दिवस वजन तपासते. तेव्हा गटाच्या मर्यादेपेक्षा अनुक्रमे १० आणि ५ टक्क्यांहून जास्त असू नये, असा नियम.

हौशी बॉक्सिंगचा पेच वेगळाच. वजन त्याच दिवशी सकाळी होतं, लढत काही तासांनी. व्यावसायिकांसारखा भरपाईला अख्खा दिवस मिळत नाही. समजा बाबू ५७ वर पोचलाही असता. तो आटलेल्या रक्ताने, जड पायांनी रिंगमध्ये गेला असता, आणि डोक्यावर ठोसे खायला. ६० किलोतल्या ज्या मुलाला तो टाळत होता, त्याच्यापेक्षा हे सोपं नव्हतं.

नंतर

आई इस्पितळातल्या तिसऱ्या दिवशी बोलली, सरांशीच. "सर, माझ्या पोराला तुम्ही झाकण ठेवून शिजवलंत." सरांनी मान खाली घातली. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही रस्त्यात बघून हसलात." बाबूने तिला सांगितलं होतं. मला उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर आठ दिवस पूर्ण विश्रांती, मग रक्त तपासणी. सीके आणि यकृताचे आकडे जागेवर येईपर्यंत सराव नाही. मग आधी सकाळी चालणं, मग पंख्याखाली हलका व्यायाम, मग दोन आठवडे थोडं थोडं करत शेडमधल्या हवेत. एकदा उष्माघात झालेला माणूस काही महिने तरी पुन्हा लवकर कोसळू शकतो, त्यामुळे घाई मी करू दिली नाही. बाबूने घाई करायचा प्रयत्न केला, हे सांगायलाच नको.

शेडमध्ये काय बदललं? भिंतीवर दोन पारे टांगले, एक साधा, एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला, म्हणजे या हवेत घाम सुकून अंग किती गार होईल याचा अंदाज यावा. ओल्या फडक्याचा पारा २८ च्या वर गेला की जड सराव बंद, फक्त तंत्र. हा आमचा नियम आहे, कुठल्या संस्थेचा नाही. मे महिन्यात सराव पहाटे सहाला नेला. त्यावर मुलांनी हरकत घेतली: सकाळी आर्द्रता ९० टक्के दाखवतात, मग ते जास्त वाईट नाही का? चांगला प्रश्न. पहाटे हवा २७ अंश असते. हवेतलं पाणी संध्याकाळइतकंच, हवा गार म्हणून टक्केवारी फुगते. ओल्या फडक्याचा पारा मात्र संध्याकाळी २८ असतो, पहाटे २६ च्या खाली. मुलांना टक्केवारीपेक्षा फडकं जास्त पटलं.

ताडपत्री आता शटरजवळ घडी करून ठेवलेली असते. मासळीवाल्या बाईला बर्फाचे आणि चार बांगड्यांचे पैसे द्यायला सर गेले तेव्हा तिने बांगड्यांचे घेतले नाहीत.

वही चालूच आहे. सकाळच्या आकड्याभोवती गोल, आणि सरावानंतरच्या आकड्यासमोर आणखी एक रकाना: किती प्यालो. जितके ग्रॅम घटले त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत, सावकाश, मिठासकट. एक लिटर घामात साधारण अर्धा ते दोन ग्रॅम सोडियम जातं. नुसतं पाणी ढोसलं तर ते लघवीतून निघून जातं. महागडे पूड-सरबतांचे डबे मुलांनी मला दाखवले. मी त्यांना अकरा वाजताच्या पेजेची आठवण दिली: उकड्या तांदळाची पातळ पेज, वर मीठ, तोंडी लावायला खाऱ्यातली तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरलेली कोवळी कैरी. पाणी, पिष्ट, मीठ. शेतातून घामाघूम येणाऱ्या माणसासाठी आमच्या आज्यांनी जे लावून दिलं, त्याच्या पुढे जाणारं त्या डब्यात फारसं काही नसतं. बाबूला पेज आवडत नाही, तो नाक मुरडून पितो.

वजन उतरवायचंच असेल तर आठवड्याला अर्धा किलो, चाचणीच्या दोन महिने आधीपासून, ताटातून. बाबूने ५७ चा नाद सोडला. नोव्हेंबरमध्ये तो ६० किलोत उतरला, काट्यावर ५९.४, पोटात नाश्ता. त्याच मुलाशी गाठ पडली. गुणांवर हरला, पण तिसऱ्या फेरीत पाय चालत होते आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटत होतं.

सरांचा आणि माझा एक वाद अजून मिटलेला नाही. डिसेंबरात पहाटे आमच्याकडे २०-२१ अंश होतात. सरांचं म्हणणं, तेव्हा तरी अंग तापेपर्यंत स्वेटर घालू द्या. मी म्हणते दहा मिनिटं, ते म्हणतात वीस. मुलं पंधराव्या मिनिटाला काढून बाकावर टाकतात.